"देवाने ते झाड लावलंच कशाला?" असं पोराने विचारलं तर ही गोष्ट घरी बसून कशी वाचायची

घरात तेरा-चौदा वर्षांचं पोर असेल आणि तुम्ही ख्रिस्ती असाल तर हा प्रश्न कधी ना कधी येणारच. देवाला सगळं माहीत असतं ना, मग आदाम मनाई केलेलं फळ खाणार हेही माहीत होतं, मग एदेन बागेत ते झाड लावलंच कशाला? भायखळ्याला आमच्या चर्चमध्ये मी पंधराएक वर्षं रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेतोय, एक वर्ष असं गेलं नाही की हे कोणी विचारलं नाही. आणि घरी विचारलं की बहुतेकांना एकच उत्तर मिळतं, देवाला असे प्रश्न विचारू नयेत. प्लीज हे उत्तर देऊ नका. ज्या पोराला हे उत्तर मिळतं ते गप्प बसतं, दृढीकरण म्हणजे कन्फर्मेशन होईपर्यंत येतं आणि मग हळूहळू यायचं बंद होतं, मी हे किती तरी वेळा बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

तर मी काय करतो ते सांगतो. उपवासकाळात राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मध्ये सहा रविवार येतात, तेवढे पुरतात. संध्याकाळी सातला बसायचं, चाळीस मिनिटं, त्याच्या वर नाही कारण सोमवारी सगळ्यांना ट्रेन पकडायची असते. चार-पाच जण असले तर उत्तम, शेजारचं पोर आलं तर त्यालाही बसवा. बायबल मात्र दोन-तीन तरी असू द्या आणि पेन्सिल. मोबाईलवर वाचलं तर चालतं पण खाली रेघ मारता येत नाही, आणि यात रेघा मारण्यालाच जास्त महत्त्व आहे.

सुरुवात पापापासून करू नका. ही सगळ्यात मोठी चूक मी सुरुवातीची तीन-चार वर्षं केली. सरळ उत्पत्तीचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, तिसरा अध्याय उघडायचो, साप आला, फळ खाल्लं, हाकलून दिलं, संपलं. दुसऱ्या अध्यायापासून वाचा, सोळावं आणि सतरावं वचन, आणि पोरांना विचारा की इथे देवाने माणसाला दिलेल्या आज्ञेची सुरुवात कशाने होते. सगळे बोलतात 'खाऊ नको'. मग परत वाचायला सांगा. सुरुवात होते ती 'बागेतल्या वाटेल त्या झाडाचं खा' इथून. मोकळीक आधी आहे आणि भरपूर आहे, अख्खी बाग दिलीय, मनाई नंतर आणि ती एका झाडाची. हे एकदा पोरांच्या डोळ्यांनी बघितलं की पुढची सगळी गोष्ट वेगळी ऐकू येते. पहिल्या रविवारी फक्त एवढंच केलं तरी चालेल.

आता झाडाच्या प्रश्नाकडे. मी एकदा काय केलं, वर्गात ताटात चिक्की ठेवली, लोणावळ्याची, आणि एक वेगळी वडी बाजूला ठेवून सांगितलं ही सोडून सगळी खा, आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. मला वाटलं भारी उदाहरण आहे. परत आलो तर वडी गायब होती आणि एक मुलगी मला बोलली, सर तुम्ही आम्हाला पकडायलाच ठेवली होती ना ती? त्या मुलीचं बरोबर होतं. मी देवाला सापळा लावणारा करून टाकलं होतं. तो खेळ मी परत कधी केला नाही, तुम्हीही करू नका, इंटरनेटवर असले खेळ खूप सापडतील.

त्यापेक्षा घराच्या चावीबद्दल बोला. मुंबईत आईबाप दोघं कामाला जातात, मग पाचवी-सहावीत कधीतरी पोराच्या हातात चावी येते. शाळेतून ये, दार उघड, डब्यात लाडू आहेत, टीव्ही बघ, खेळायला जा, फक्त गॅस पेटवू नको. चावी देताना आईला माहीत असतं की हा गॅस पेटवू शकतो. तरी देते, कारण चावी दिल्याशिवाय ते घर त्याचं होत नाही, तो कायम शेजारच्या काकूंकडे बसलेला पाहुणाच राहतो. आणि गॅसही काही त्याला पकडायला ठेवलेला नसतो, तो घरातलाच आहे, त्यावर जेवण होतं, त्याची वेळ यायची असते एवढंच. पोरांना हे लगेच कळतं कारण त्यातल्या अर्ध्यांच्या गळ्यात चावी असते. ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याच्या हो ला काही किंमत नाही, हे त्यांच्याकडूनच बोलून येतं, तुम्ही सांगू नका.

इथे हुशार पोर लगेच बोलणार की आईला फक्त शंका होती, देवाला तर पक्कं माहीत होतं. बरोबर आहे, अडवू नका त्याला. मी असं विचारतो की तू गॅलरीत उभा राहून खाली रस्ता ओलांडणारा माणूस बघतोयस, तो ओलांडतोय हे तुला पक्कं माहीत आहे, पण तुझ्या बघण्यामुळे तो ओलांडतोय का? देव काळाच्या बाहेरून असं बघतो, असं चर्चचे जुने शिक्षक सांगत आले. याने प्रश्न पूर्ण मिटतो का, तर नाही, कारण पोर परत विचारतं की मग असा माणूस बनवलाच कशाला, आणि त्याचं उत्तर उत्पत्तीत नाहीये, ते पार गेथशेमानेच्या बागेत, पकडला जायच्या आधी येशूने जिथे प्रार्थना केली तिथे, जाऊन मिळतं. तिथपर्यंत प्रश्न उघडा ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा हवं तर.

दुसरी संध्याकाळ पेन्सिलची, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात भारी. दोघांना दोन बायबलं द्या, एकाने देव काय बोलला ते वाचायचं, दुसऱ्याने तिसऱ्या अध्यायाची पहिली पाच वचनं, आणि बाकीच्यांनी फरक शोधायचा. साप विचारतो, कुठल्याच झाडाचं खायचं नाही असं देव बोलला का? म्हणजे एक सोडून सगळं याचं त्याने केलं सगळंच बंद. हव्वा त्याला दुरुस्त करते पण दुरुस्त करता करता स्वतःचं एक घालते, स्पर्शही करायचा नाही, हे देव कुठे बोललाय? नाहीच बोलला. म्हणजे फळ तोडायच्या आधीच तिच्या मनातला देव खऱ्यापेक्षा कडक झालेला आहे. आणि मग साप शेवटचं घालतो, की देव तुमच्यापासून काहीतरी लपवतोय, तुम्ही त्याच्यासारखे व्हाल म्हणून घाबरतोय. आज्ञाभंग इथेच झाला असं मी पोरांना सांगतो, हात फळाकडे जायच्या आधी, ज्या क्षणी त्यांना वाटलं की ज्याने अख्खी बाग दिली तो आपलं वाईट चिंततोय. पाप म्हणजे नियम मोडणं एवढंच सांगितलं तर पोरं ट्रॅफिकच्या चलानसारखं समजतात, पण नातं मोडलं म्हटलं की त्यांना कळतं कारण मित्राने पाठीमागे काही बोलल्याचा संशय आला की काय होतं हे त्यांना रोज शाळेत भेटतं.

याच संध्याकाळी तीन गोष्टी साफ करून टाका. फळ सफरचंद होतं असं बायबलमध्ये कुठे नाहीये, अंजिराची पानं आहेत पण ती नंतर अंग झाकायला. साप म्हणजे सैतान असं उत्पत्तीत लिहिलेलं नाही, ते प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, बाराव्या अध्यायात सांगितलंय. आणि सगळा दोष बाईचा हे तर साफ चूक. आज्ञा दिली तेव्हा हव्वा घडलेलीसुद्धा नव्हती, आज्ञा आदामाला दिली होती, आणि सहावं वचन नीट वाचलं तर तो तिच्यासोबतच आहे, सगळं चालू असताना एक शब्द बोलत नाही. पुढे सोळाव्या वचनात नवरा तुझ्यावर सत्ता चालवील असं येतं, ते काही घरांत आज्ञा म्हणून वापरतात, मला याचा मनापासून राग येतो, कारण काटेकुसळं उगवतील हे त्याच यादीत आहे आणि शेतातले काटे तर आपण सगळेच उपटतो ना. ते बिघडलेल्या जगाचं वर्णन आहे. मुली बसलेल्या असतील तर हे मोठ्याने बोला.

तिसऱ्या रविवारी फक्त एक वाक्य, तिसऱ्या अध्यायातलं नववं वचन. तू कुठे आहेस? हे प्रत्येकाला आलटून पालटून मोठ्याने वाचायला सांगा, आधी पोलीस विचारतो तसं, मग आई विचारते तसं. बहुतेकांनी आयुष्यभर हे पोलिसाच्या आवाजात ऐकलेलं असतं.

मला हा दुसरा आवाज 26 जुलै 2005 ला कळला. मी तेव्हा अंधेरीला कामाला होतो. दुपारी आईने ऑफिसच्या फोनवर कळवलं की पाऊस वाढलाय, तिथेच थांब, निघू नकोस. मी ऐकलं नाही, मला वाटलं जाईन आरामात. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कलिना ते कुर्ला मी छातीभर पाण्यातून लोकांनी बांधलेली दोरी धरून आलो, रात्र एका बसच्या वरच्या मजल्यावर काढली, कोणीतरी ग्लुकोजची बिस्किटं वाटली, फोन सगळे मेलेले. सकाळी घरी पोचलो तर आई चाळीच्या कॉमन गॅलरीच्या टोकाला उभी, शेजारचे बोलले रात्रभर तिथेच होती. मी वाटभर उत्तरं तयार करत आलो होतो, साहेबांनी सोडलं, सगळे निघाले म्हणून मी निघालो वगैरे. तिने एवढंच विचारलं, कुठे होतास रे? आणि आत जाऊन अंघोळीला पाणी गरम करायला ठेवलं. उत्तरं तशीच तोंडात राहिली. तेव्हापासून एदेन बागेतला तो प्रश्न मला तिच्याच आवाजात ऐकू येतो.

वाचून झाल्यावर आदामाचं उत्तर बघा, कारण मी तयार केलेली उत्तरं आणि त्याचं उत्तर सेम आहे. 'तू मला जी स्त्री दिलीस तिने दिलं.' एका वाक्यात बायको पण आणि देव पण. हव्वा सापाकडे बोट दाखवते. देवाने विचारलेलं कुठे आहेस, दोघांनी सांगितलं कोणामुळे. आणि एकविसावं वचन अजिबात सोडू नका, बागेबाहेर काढायच्या आधी देव स्वतः त्यांना कातड्याची वस्त्रं करून घालतो. पानं टिकणार नाहीत हे त्याला माहीत आहे. शिक्षा आहे, ती मी गोड करून सांगणार नाही, मरण आलं, घाम आला, बाग गेली. पण उघडं नाही पाठवलं.

चौथी बैठक मूळ पापाची, म्हणजे आदामाच्या त्या पापाचं आपल्यात काय उतरलं याची, आणि ही जपून. पोराला तू जन्मतःच वाईट आहेस असं सांगू नका. माझी बायको वसईची कॅथलिक, मी मराठी प्रोटेस्टंट, वरच्या मजल्यावर मल्याळी सिरियन ख्रिस्ती कुटुंब, त्यामुळे आमच्याकडे ही चर्चा दर वर्षी रंगते. थोडक्यात असं आहे की जुन्या चर्चमधले दोन शिक्षक, त्यातला ऑगस्टीन म्हणाला माणसाची इच्छाच आजारी झालीय, कृपेशिवाय ती उठत नाही, आणि पेलागियस म्हणाला मनावर घेतलं तर जमतं, 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. पुढे 1524 मध्ये इरॅस्मस नावाच्या कॅथलिक विद्वानाने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं आणि 1525 मध्ये प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने उत्तर दिलं की ती इच्छा बांधलेली आहे. कॅथलिक शिकवणीत इच्छा जखमी आहे पण मेलेली नाही, बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतलं जातं तरी ओढ राहते. पूर्वेकडची चर्चेस आदामाचा दोष आपल्याला लागतो असं म्हणत नाहीत, मरण आणि बिघाड वारशाने आला म्हणतात. पोरांना एवढी नावं नको असतील तर बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचा, जे करायचं ते करत नाही आणि जे नको तेच करतो. मग विचारा, रात्री एकला मोबाईल ठेवायचा ठरवून किती वाजता ठेवला? कोणी जबरदस्ती केली नव्हती, हात पण स्वतःचा, तरी थांबता आलं का? इच्छा मोकळी पण आहे आणि बांधलेली पण, हे पौलापेक्षा सोपं कोणी सांगितलेलं नाही.

पाचवा रविवार तारणाचा आणि इथे मराठीत एक अडचण आहे ती आधीच सोडवा. आपल्या बायबलात येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो असं येतं. मुंबईच्या पोराला खंडणी म्हटलं की बिल्डरला आलेला भाईचा फोन आठवतो. एका मुलाने मला खरंच विचारलं होतं, मग देव खंडणी कोणाला देतो, गुंडाला? हसू नका त्याला, सुरुवातीच्या शतकांत मोठमोठे शिक्षक ती सैतानाला दिली असंच समजवायचे आणि 1098 मध्ये अँसेल्म नावाच्या धर्मशिक्षकाने हे खोडून काढलं, की देव सैतानाचं काही देणं लागतच नाही. जुना अर्थ साधा आहे, युद्धात पकडलेला किंवा गुलाम झालेला माणूस सोडवायची किंमत.

मी तारण या शब्दावरूनच जातो. आपल्याकडे सोनं तारण ठेवतात. 1982 च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात माझे वडील. आईच्या दोन बांगड्या पेढीवर गेल्या. मला आठवतंय, ती कधी बोलायची नाही की विकल्या, बोलायची ठेवल्यात. म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीत असून बांगड्या तिच्याच होत्या. कित्येक वर्षांनी वडिलांनी व्याजासकट पैसे भरून सोडवून आणल्या, कागदाच्या पुडीत, आणि तिने हात पुढे केला. तारणाबद्दल प्रवचनं खूप ऐकली पण बायबलातला 'सोडवणं' हा शब्द मला त्या पुडीने समजवला. आपण देवाचे होतो, गहाण पडलो, स्वतःला सोडवायची ताकद बांगडीत नसते, ज्याची आहे त्यानेच येऊन भरायचं. आणि जुन्या करारात असं सोडवायचा हक्क जवळच्या नातलगाचा असतो, रूथच्या चौथ्या अध्यायात बवाज तेच करतो. म्हणून देवाचा पुत्र माणूस झाला, आधी नातलग झाला, मग सोडवलं. दादरला जे पोर्तुगीज चर्च म्हणतो त्याचं खरं नाव अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन, म्हणजे तारणाच्याच नावाचं, रोज बसने तिथून जाणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं, सांगा त्यांना.

मग दोन बागा शेजारी ठेवा. एदेन आणि गेथशेमाने. लूकच्या बाविसाव्या अध्यायात बेचाळिसावं वचन, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. पहिल्या बागेत माणसाला सगळं मिळालेलं होतं आणि तो नाही बोलला, दुसऱ्यात सगळं जाणार होतं, घाम रक्तासारखा पडत होता, आणि येशू हो बोलला. येशूकडेही मोकळीक होती, तो निघून जाऊ शकत होता, हे पोरांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका नाहीतर क्रूस म्हणजे नाटक वाटतं. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय, एकोणिसावं वचन, हेच सांगतं, एकाच्या आज्ञाभंगाने आणि एकाच्या आज्ञापालनाने. आणि आता वहीचं पहिलं पान उघडा. असा माणूस बनवलाच कशाला, तर ज्याने बनवला तो त्याची किंमत भरायला स्वतः तयार होता, चावी देणारी आई आग लागल्यावर स्वतः आत शिरते तसं. मला याच्यापेक्षा मोठं उत्तर सापडलेलं नाही आणि मी त्यावर जगतोय.

कोणाला पुढे वाचायचं असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण आहे, 1616 मध्ये रायतूरला छापलेलं, आदाम-हव्वेपासूनची अख्खी गोष्ट मराठी ओवीत. भाषा जुनी आहे, मोठ्याने वाचली की लागते.

सहाव्या रविवारी म्हणजे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी वाचन कमी आणि काम जास्त. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातले दोन मुलगे वाचा, एक बापाला नाही जात बोलला आणि नंतर गेला, दुसरा हो बोलला आणि गेलाच नाही. मग लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय, ज्याने लोकांना फसवून घेतलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं. आणि मग प्रत्येकाने एक गोष्ट ठरवायची जी परत करायचीय किंवा ज्याच्याशी बोलायचंय. सगळ्यांसमोर सांगायला लावू नका, कधीच नाही. कॅथलिक पोरांना कन्फेशनला सोबत घेऊन जा, पण लांब बाकावर बसा, बाहेर आल्यावर काय सांगितलंस विचारू नका. आमच्याकडचे प्रभुभोजनाच्या आधी एकट्याने प्रार्थना करतात, पण एवढ्यावर थांबू नका, ज्याचे पैसे घेतले त्याला गुड फ्रायडेच्या आत नेऊन द्यायचे, ज्याच्याशी खोटं बोलले त्याला जाऊन सांगायचं. मोठ्यांनीही. मी एका वर्षी पोरांदेखत माझ्या भावाला फोन लावला होता, सात वर्षं बोलणं बंद होतं.

आणि जे पोर बसायलाच तयार नाही त्याला ओढून आणू नका, एवढं सगळं मोकळीकीबद्दल बोलून हे तरी पाळायला हवं. दर रविवारी दुपारी एक मेसेज टाकायचा, सातला बसतोय, चहा आहे. उत्तर आलं नाही तरी पुढच्या रविवारी परत. आमच्याकडे एक जण दोन उपवासकाळ आला नाही, तिसऱ्या वर्षी चौथ्या बैठकीला दारात चपला काढत उभा राहिला. बायकोने त्याचा चहा गाळला, शेजारच्याने सरकून जागा केली आणि रोमकरांस पत्राचं पुढचं वचन वाचायची पाळी त्याला दिली.